शेवंतीवरची काळी अळी

चूक माझ्याकडून झाली, हे आधी नोंदवते.

वडगाव रासाईच्या आमच्या मळ्यात शेवंती कळीवर आली होती. शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढला होता आणि त्यात काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी अळ्या फिरत होत्या. मोबाईलला भिंग लावून एकीचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : ‘शेवंतीवर नवी अळी. शेंडे खाते.’ खाताना पाहिली नव्हती. पुण्यातल्या वर्तमानपत्रात वीस वर्षं इतरांच्या बातम्या तपासल्या. खातरजमा झाल्याशिवाय ओळ सोडायची नाही, हा तिथला नियम. मळ्यात तो पाळला नाही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, तो फोटो केडगावला शेतीऔषधांच्या दुकानात दाखवला आणि संध्याकाळी फवारणीची बाटली घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंड्यापाशी बसून अर्धा तास भिंगातून पाहिलं. अळी पानाला तोंडच लावत नव्हती. तिने एक मावा धरला, चोखला, टरफल टाकलं. मग दुसरा धरला. त्याचा फोटो काढून किड्यांच्या दोन अभ्यासकांकडे पाठवला. तासाभरात दोघांचं एकच उत्तर आलं : ढालकिड्याचं पिल्लू. ठिपक्यांचा गोल लाल ढालकिडा आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याचं पिल्लू असं मगरीसारखं दिसतं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

तोवर आप्पा पंप पाठीला लावून बांधावर आले होते.

“आप्पा, थांबा. ती अळी मावा खाते. माझं चुकलं.”

“काल म्हनलीस शेंडं खाती. आज म्हंतीस मावा खाती. उद्या म्हनशील पानी घालती. पेपरात पन असंच छापायचीस व्हय?”

“चुकलं तर दुरुस्ती छापायचो.”

“कुठं? आतल्या पानात, मुंगीएवढ्या अक्षरात?”

हे खरं होतं.

“दिवाळी तोंडावर हाय. कळी गेली तर तुझं फोटू ववायचं का हारात?”

“तुमच्या सऱ्यांत मारा. वडलांच्या वाट्याच्या सहा सऱ्यांत नाही मारायचं.”

खुरपत बसलेली चुलती मान वर न करता म्हणाली, “मारा तिच्यासकट. किडं काय आन् ही काय, दोन्हीबी ऐकायची न्हाईत.”

वारा माझ्या सऱ्यांच्या दिशेने होता. दोन्ही वाट्यांच्या मध्ये जुनी ताडपत्री धरून उभी राहिले. आप्पांनी नळी खाली धरून मारलं, पण मारलं. ताडपत्रीच्या पलीकडे पोचले तेव्हा एवढंच म्हणाले, “हात दुखला तर सांग.”

त्यांच्या सऱ्यांतला मावा दोन दिवसांत गेला. त्याच्याबरोबर पिल्लंही गेली. माझ्याकडचा मावा हटायला आठवडा लागला. तेवढ्यात काही शेंडे वाकले आणि त्यांची फुलं बारीक आली. तीही बाजारात गेली, वेगळ्या करंडीतून. आप्पांनी ती करंडी चार जणांना दाखवली.

दाखवू देत. त्या सहा सऱ्यांत पंप गेलेला नाही. पुन्हा मावा चढला तरी जाणार नाही.