मऊ म्हणजे फिकं नव्हे

आमच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात आजवर कोणी कोणाशी भांडलं नसेल असं नाही, पण खिमटाविरुद्ध उघड युद्ध पुकारणारी बाई एकच, आणि ती माझी घरमालकीण. जन्मभर मासळीची पाटी डोक्यावर वाहिलेली, चिंबोरीची नांगी दातांनी फोडणारी ही मावशी. तिच्या जबड्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे मऊ अन्न. महाप्याला कंपनीत असलेला मुलगा त्याच संध्याकाळी पावडरीचा डबा घेऊन आला, सुनेने साबुदाण्याची खीर केली, शेजारणींनी मऊ भाताचे सल्ले दिले. मावशीला काय हवं, हे मात्र कोणी विचारलं नाही. आजाऱ्याचं ताट ठरवणाऱ्या सभेत आजाऱ्याला मत नसतं, हा आपल्याकडचा जुना अन्याय आहे. त्यावर मी तावातावाने एक पत्रक लिहून तिला वाचून दाखवलं. ऐकून घेऊन ती म्हणाली, "पोरा, तुजा कागद लय कडक हाय. मना मऊ सांगितलंय."

डॉक्टर मऊ बोलला, फिकं बोलला नाही, एवढ्या एका मुद्द्यावर तिने लढा उभारला. घरातला प्रत्येक पदार्थ आधी तिच्या अंगठ्याखाली जायचा. दाबताच मोडला तर पास. उकडलेला बटाटा पास झाला. सुनेची इडली दाराला अडकण म्हणून लावायला सांगितली गेली. केळ्याशी वैर नव्हतं, पण केळं म्हणजे जेवण नव्हे. शेवटी तिला ओले बोंबील सापडले. तळायचे बोंबील पाट्याखाली दाबून त्यांचं पाणी काढतात, हे मला साताऱ्याहून आल्यावर याच घरात कळलं होतं. तिने पाटा उचलून बाजूला ठेवला. न दाबलेले बोंबील मधला काटा काढून चिंच-लसणाच्या कालवणात सोडले की जिभेवरच विरघळायचे. तपासणीला गेल्यावर ही पाककृती तिने डॉक्टरांनाच ऐकवली. त्यांनी फक्त तिखट कमी करायला सांगितलं. तिने केलं, तिच्या मापाने.

खरी लढाई झाली ती धाकट्या बहिणीच्या नातीच्या हळदीला. त्यांच्या घरची पहिली पंगत अजून खाली बसते, आणि शेवटच्या माणसाचं जेवण संपेपर्यंत कोणी उठत नाही. मावशीला एकेक घास गिळायला वेळ लागतो. म्हणून बहिणीने निरोप पाठवला, ताईने दगदग करू नये, तिचं पान घरी पोचवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याला बाजूला सारायचं असलं की आपण त्याच्या सोयीची भाषा बोलतो.

"पान घरी येतं आजाऱ्याचं, नायतर सुतकातल्याचं," मावशी म्हणाली. "मी दोनी नाय." आणि कालवणाचा टोप माझ्या हातात देऊन ती थेट पहिल्या पंगतीत, मधोमध, बहिणीच्या शेजारी जाऊन बसली.

पंगत जेवली. हात वाळले. मागे दुसरी पंगत ताटकळत उभी राहिली आणि मावशीचं पान अजून अर्धं भरलेलं होतं. कोणीतरी मुद्दाम खाकरलं. मावशीने मान खाली घातली आणि भरभर घास घेऊ लागली. तिला ठसका लागला. इतक्या दिवसांत ती घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मी समोर बसून मनातल्या मनात एक जळजळीत भाषण जुळवत होतो.

तेवढ्यात बहिणीने वाढप्याला हाक मारली. "मना अजून भात वाढ." तिचं जेवण केव्हाच झालं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण यजमानीणच जेवते आहे म्हटल्यावर उठायचं कसं? खाकरणं थांबलं.

"सावकाश जेव, ताय," ती पानातून नजर न काढता म्हणाली. "मी पन जेवतेच हाय."

मावशी पाणी प्यायली आणि पुढचा घास तिने निवांत घेतला. बहिणीने एक शीतही तोंडात घातलं नाही. ती नुसती बोटं फिरवत राहिली, आणि मावशीचं पान रिकामं झालं तेव्हा तिच्या पानातला भात कालवून कालवून पेजेसारखा मऊ झाला होता.