पाहुणीसाठी काढलेला केर

पाहुणे येणार म्हटलं की सत्तरीतल्या ग्रासियाना एचेवेरीच्या अंगात वारं शिरायचं. कॅरिझोच्या माळावर मेंढ्यांमागे तिचा जन्म गेला. पन्नाशीत कान गेले, तेव्हापासून ती लोकांचे ओठ वाचायची. गप्पा मात्र घरामागच्या बारा एकरांतल्या कांगारू उंदरांशी. लांब पायांवर टुणटुणणारे हे जीव पाण्यावाचून, कोरड्या बियांवर जगतात, याचं तिला कोण कौतुक! दुष्काळात तिने वाटीभर पाणी ठेवलं, तर पठ्ठ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

धाकटा भाऊ पेयो ते रान नांगरून बार्ली पेरायला टपला होता. हे उंदीर कायद्याने जपलेले; सरकारी पाहणीत ते इथे आहेत असं निघालं तरच नांगर थांबणार होता.

पाहणीवाली लोर्ना येणार म्हणून ग्रासियानाने आदल्या दिवशी दंताळं हाती घेतलं आणि बिळांजवळचे गवताचे सगळे ढीग ओढून टाकले. पाहुणी उंदीर मोजणार, कचरा थोडाच मोजणार?

"मावशी, बिळं जुनीही असू शकतात," लोर्ना दुपारभर हिंडून म्हणाली. "उंदरांनी बिया वाळत घातलेले गवताचे ढीग कुठायत? तीच तर ताजी खूण."

ग्रासियानाने कालच्या दंताळ्याकडे पाहिलं.

"पाहुण्यांआधी झाडलोट! आईचं वळण, दुसरं काय," ट्रॅक्टर चालू ठेवून बसलेला पेयो हसला. "ताई, आपल्या हाताने झाडलेस ना तुझे उंदीर?"

"इंजिन बंद कर, मेल्या," ती ओरडली. दिवस मावळला होता. तिने पायांतले बूट भिरकावले. "पोरी, तूही काढ. त्या बिळाशी उभी राहा. हलू नकोस."

लोर्ना अनवाणी उभी राहिली. थोड्या वेळाने तिचे डोळे विस्फारले. जमिनीतून तळव्यांना बारीक, भरभर थाप लागत होती. थांबत होती, पुन्हा लागत होती, आणि पलीकडच्या बिळातून त्या थापेला उत्तर येत होतं.

"उंदीर पाय आपटतायत," ती कुजबुजली. "मावशी, आहेत! भरपूर आहेत!" आणि भराभरा लिहू लागली.

ग्रासियानाला आनंदाने रडूच फुटलं. पेयो खाली उतरला, बूट काढून तिच्याशेजारी उभा राहिला. मग तिच्याकडे तोंड करून त्याने विचारलं, "कधीपासून ऐकतेयस हे?"

"कान गेल्यापासून," ती म्हणाली. "एवढंच तर ऐकू येतं मला."