अल्मा क्विस्टनं वाचवलेलं भांडण

अल्मा क्विस्ट बारा वर्षं हॉलिवुडच्या एका मध्यम स्टुडिओत फिल्म कापत होती आणि एकोणीस वर्षं नवऱ्याशी भांडत होती. दोन्ही कामांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मिनेसोटातलं शेत सोडून ती इथं आली, तेव्हा तिला फिल्मचे तुकडे चिकटवायला बसवलं होतं. मुलींची बोटं बारीक असतात, एवढंच कारण. पुढं तिनं कात्री हातात घेतली ती सोडली नाही. पडद्यावर नाव मात्र विभागप्रमुखाचं लागे, आणि त्यानं कात्री शेवटची कधी धरली होती हे स्टुडिओत कुणालाच आठवत नव्हतं.

नवरा ऑर्व्हिल तिथंच सुतार. सेट उभे करायचे आणि चित्रीकरण संपलं की मोडायचे, हे त्याचं काम. सकाळी गाडीत बसल्यापासून दोघांचं सुरू व्हायचं. खिडकी उघडी का, अंडी कच्ची का, काल रात्री दिवा कुणी चालू ठेवला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांची गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. कॅन्टीनमधल्या बायका अल्माची कीव करायच्या आणि त्या किवेनं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भांडण म्हणजे संसार मोडल्याची खूण, हे या बायकांना शिकवलं कुणी? सिनेमांनीच. सिनेमातली माणसं भांडायची ती लग्नाआधी. लग्न लागलं की पडदा.

म्हणून १९३७ च्या वसंतात जो चित्रपट तिच्या टेबलावर आला, त्याच्यावर तिचा जीव जडला. बावीस वर्षं संसार केलेलं एक जोडपं, पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत कचाकचा भांडणारं. शेवटचं भांडण स्वयंपाकघरात, करपलेल्या टोस्टवरून. नवऱ्याचं काम करणारा वॉरन टिल्डन तो काळा टोस्ट नाचवत ओरडतो, "बावीस वर्षांत तू माझं एक अक्षर ऐकलं नाहीस." बायको झालेली ऑड्री फेल्प्स म्हणते, "ऐकत नसते तर इतकी चिडले असते का?" आणि मग दोघं त्याच टेबलाशी नाश्त्याला बसतात. सिनेमा संपला. अल्माला वाटलं, आपल्या घराबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललंय.

तिनं तो प्रसंग घट्ट कापला. एकाचं वाक्य संपतंय न संपतंय तोच दुसऱ्याचं सुरू. स्टुडिओतल्या रिकाम्या खोलीत चार माणसांनी पाहिला, चौघांनी माना डोलावल्या. मग रिवाजाप्रमाणे, कुठलीही जाहिरात न करता, तो पासाडेनातल्या एका थिएटरात दाखवला आणि प्रेक्षकांना मत लिहायला कार्डं वाटली. टोस्टच्या वाक्याला लोक पोट धरून हसले. कार्डांवर मात्र लिहून आलं, शेवट कळला नाही. एवढं भांडून जेवायला कसे बसले? उगाच गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओचे साहेब मिस्टर लॅन्सिंग यांनी कार्डांचा गठ्ठा टेबलावर टाकला आणि भांडण काढून टाका म्हणून सांगितलं. बागेतल्या चुंबनाचा एक शेवट दिग्दर्शकानं खबरदारी म्हणून घेऊन ठेवलाच होता, तो लावायचा. लोक भांडणाला हसतात, पण घरी जाताना त्यांना चुंबन लागतं, असं साहेबांचं मत होतं आणि साहेबांची मतं त्यांच्या खुर्चीइतकीच जड होती.

अल्मा पासाडेनात शेवटच्या रांगेत बसली होती. काय बिनसलं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"लोकांनी तिचं उत्तर ऐकलंच नाही साहेब," ती म्हणाली. "नवऱ्याच्या वाक्याला हसले, आणि त्या हसण्यात ते बुडालं. चूक माझी आहे. मी रिकाम्या खोलीसाठी कापलं. तिथं हसायला कुणी नव्हतं."

साहेबांनी विचारलं, मग करायचं काय? दोन वाक्यांच्या मध्ये पाच सेकंद हवेत, ती म्हणाली. आहेत का तुझ्याकडे? नव्हते. घेतलेल्या प्रत्येक टेकमध्ये दोघं एकमेकांच्या बोलण्यावर तुटून पडत होते. दिग्दर्शक दुसऱ्या स्टुडिओत गेला होता आणि ते स्वयंपाकघर सोमवारीच मोडलं होतं. शुक्रवारपर्यंत पाच सेकंद आण, नाहीतर चुंबन, असं सांगून साहेबांनी तिला वाटेला लावलं.

स्वयंपाकघर मोडलं होतं ऑर्व्हिलनं. त्या संध्याकाळी घरी जेवताना त्याची धडगत नव्हती.

"तुला एक स्वयंपाकघर आठ दिवस उभं ठेवता आलं नाही?"

"मोडायचा कागद आला, मोडलं. तू कापताना डोकं कुठं ठेवलं होतंस?" ऑर्व्हिलनं काटा खाली ठेवला. "आणि उशीर माझ्यामुळं होतो म्हणतात. पुढच्या सेटच्या फळ्या घेऊन ताटकळत मी उभा. 'कट' म्हटलं तरी ती दोघं हलायची नाहीत. त्या टिल्डनच्या टायवरचा चुरा ती बाई झटकत बसायची."

अल्मा ताटावरून उठली आणि ऑर्व्हिल तिच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिला.

'कट' म्हटल्यावर कॅमेरा लगेच थांबत नाही. थोडी फिल्म फिरतेच, आणि ती शेपटं कापून टाकून देणं हेच अल्माचं बारा वर्षांचं काम. दुसऱ्या दिवसापासून ती त्या टाकाऊ तुकड्यांच्या पिंपात डोकं घालून बसली. हातभरापासून सहा-सात हात लांबीपर्यंतचे शेकडो तुकडे. एकेक उजेडासमोर धरायचा, बाजूला टाकायचा. विभागप्रमुख म्हणाला, 'कट'नंतरचं कुणी वापरत नाही, तो काही अभिनय नव्हे. अल्मा म्हणाली, नसू दे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिनं तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा बसली.

गुरुवारी दुपारी सापडला. सातवा टेक. टिल्डनला धाप लागली आहे. ऑड्री फेल्प्स त्याच्याकडं बघते आहे, चेहऱ्यावर राग तसाच. हात मात्र आपण होऊन पुढं जातो, टायवरचा चुरा झटकतो आणि टाय सारखा करतो. सव्वासहा सेकंद. अल्मानं तो तुकडा दोन वाक्यांच्या मध्ये बसवला आणि त्याखाली आवाजाच्या पट्टीवर नुसत्या खोलीची शांतता भरली. साहेबांनी पाहिला. त्यांचं मत बदललं नाही, पण शनिवारी पुन्हा लोकांना दाखवून बघायचं, तेवढ्यापुरतं त्यांनी होय म्हटलं.

शनिवारी दुपारी रिव्हरसाइड गावातलं थिएटर भरलं होतं. ऑर्व्हिल गाडी चालवत आला होता, म्हणून तोही आत बसला. टोस्टच्या वाक्याला हशा उठला. पडद्यावर तो हात टायकडं गेला. हशा हळूहळू ओसरला, आणि मग त्या बाईचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतून साहेबांनी मान वळवून अल्माकडं पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही. मग कुठंतरी मध्यावर एक म्हातारा एकटाच हसला, शेजारच्या बाईनं त्याला कोपर मारलं, आणि सगळं थिएटर उसळलं. जोडपं नाश्त्याला बसलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. साहेब कार्डं न वाचताच बाहेर आले आणि जाता जाता म्हणाले, "राहू दे."

परतीच्या वाटेवर ऑर्व्हिल गप्प होता. संत्र्यांच्या बागा संपल्या तरी गप्पच. अल्माला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटायला लागली.

"ती बाई म्हणते तसं असतं का?" त्यानं एकदम विचारलं.

"कसं?"

"ते ऐकण्याचं."

अल्मा खिडकीबाहेर बघत राहिली.

"आपलं वळण मागं गेलं," ती म्हणाली.

"दिसलं मला."

"दिसलं तर वळला का नाहीस?"

"तुझ्या उत्तराची वाट बघत होतो," ऑर्व्हिल म्हणाला आणि त्यानं गाडी कडेला घेतली.