खोलीसाठी धावलेली फियाट

बंगळूरच्या शिवाजीनगरात गाड्यांच्या सीट शिवून देणारे नरसिंहराव जन्मजात काळजीखोर. दुकानाला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचे, रस्ता ओलांडायचे, मग परत येऊन पुन्हा ओढायचे. पद्मावतीबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की कुलपाला तोंड असतं तर त्याने केव्हाच शिव्या दिल्या असत्या. अशा माणसाने वडिलांच्या वेळची फियाट घेऊन बेळगावला जायचं आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शहराबाहेरच्या येलहंक्याला परत यायचं कबूल केलं, तेव्हा सगळी गल्ली चकित झाली. सगळ्यांत जास्त चकित झाले ते स्वतः.

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी मोठ्या इस्पितळाशेजारी, पेशंटबरोबर आलेल्या माणसांसाठी धर्मशाळा बांधायला घेतली होती. देणगीदाराची अट अशी, की जी गाडी कुणी न ओढता, न ढकलता, आपल्या चाकांवर वेळेत परत येईल तिच्यासाठी एक खोली बांधून मिळेल. दारावर नाव चालक सांगेल ते. आणि गाडी एकदा ट्रकवर चढली की खोली गेली.

खोली नसली की माणसाचं काय होतं हे नरसिंहरावांनी पाहिलं होतं. पद्मावतीबाई त्या इस्पितळात होत्या तेव्हा ते बाहेर रस्त्याच्या कडेला याच फियाटमध्ये झोपायचे. पुढच्या सीटवर ते आणि मागच्या सीटवर रायचूरकडचा देवाप्पा. देवाप्पाची धाकटी लेक रूपश्री आत होती आणि तो फुटपाथवर पुठ्ठा टाकून कुडकुडत पडलेला असायचा, म्हणून त्यांनीच त्याला गाडीत बोलावलं होतं. एका सकाळी उठून पाहतात तर मागची सीट रिकामी. चादर मात्र नीट घडी करून ठेवलेली. लेक बरी झाली म्हणून गेला, की दुसरंच काही, हे आत जाऊन विचारायचा नरसिंहरावांना धीर झाला नाही. पद्मावतीबाई बऱ्या होऊन घरी आल्या, वर्षं गेली, पण तो प्रश्न त्यांच्या पोटात तसाच होता.

येलहंक्याहून निघताना थोरल्या बहिणीने, भागीरथी अक्कांनी, रीतसर गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू, आणि पुढच्या जाळीवर शेवंतीचा मनगटाएवढा जाड हार. परत येईपर्यंत हा काढायचा नाही, असं त्यांनी बजावलं. अक्कांचा शब्द मोडायची नरसिंहरावांना लहानपणापासून सवय नव्हती, आणि सत्तरीकडे झुकल्यावर ती लावून घ्यायचा त्यांचा विचारही नव्हता.

जाताना, शेजारी पद्मावतीबाईंना घेऊन, गाडी गुणी बाळासारखी गेली. खरं कौतुक परतीला सुरू झालं. बेळगावच्या मंडळाने भाषणं करून फियाटला झेंडूचा हार घातला. धारवाडला एक, हुबळीला एक. दावणगेरेच्या व्यापाऱ्यांनी तर दोघांना शाली पांघरल्या आणि गाडीला गुलाबाचा असा भरगच्च हार घातला, की पुढून फियाट ओळखू येईना. इतर चालक गावाबाहेर आले की हार काढून डिकीत टाकायचे. नरसिंहरावांना ते बघवेना. आजारी माणसांसाठी लोकांनी प्रेमाने घातलेले हार, ते काढायचे कसे? शिवाय तळाशी अक्कांचा होता.

चित्रदुर्ग मागे पडलं आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला. नरसिंहरावांचे डोळे रस्त्यापेक्षा काट्यावरच जास्त. त्यांनी गाडी हळू घेतली, थांबवली, थोडी निवू दिली, रेडिएटरमध्ये पाणी घातलं. पुढे निघाले की काटा पुन्हा लाल खुणेकडे. पाण्याचा पंप गेला असेल, पट्टा सैल झाला असेल, इंजिनात काहीतरी फुटलं असेल, एकेक शंका येई आणि आधीचीला न हाकलता शेजारी बसे. सीटबद्दल विचारलं असतं तर त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं, पण इंजिन म्हणजे त्यांच्या लेखी परका मुलूख. वर आणखी एक त्रास म्हणजे एकदा तापून बंद पडली की फियाट लवकर सुरू व्हायचं नाव घेत नव्हती.

हिरियूरच्या पुढे बॉनेटमधून वाफ आली. नरसिंहरावांनी गाडी एका चिंचेखाली उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागून मंडळाचा ट्रक येऊन थांबला. ट्रकवरचा प्रवीणकुमार बंगळूरच्या जुन्या मराठी घरातलाच, अदबशीर माणूस. तो खाली उतरला, पण गाडी ट्रकवर ओढायचा दोर बाहेर काढला नाही. दोर नजरेआड होता, तरी नरसिंहरावांना तोच दिसत होता.

"अण्णा, घाई नाही," प्रवीणकुमार म्हणाला. "स्वल्प निवू दे. नाहीच सुरू झाली तर मग सरी, ठीक आहे, चढवून घेऊ. तुमचा हुकूम झाल्यावरच."

हुकूम द्यायचा म्हणजे आपल्याच तोंडाने खोली गेली म्हणायचं. ऊन उतरणीला लागलं होतं. नरसिंहराव गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले, आणि फेरी संपली की पद्मावतीबाईंना, तुला बरं वाटतंय ना, असं विचारत राहिले. त्या दगडावर टेकल्या होत्या. वारा लागू नये म्हणून नरसिंहरावांनी दावणगेरेच्या दोन्ही शाली त्यांच्याच अंगावर घातल्या होत्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी दोन्ही शाली काढल्या आणि बाजूला ठेवल्या.

"अहो, कोंडल्यासारखं होतंय मला," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर फियाटकडे गेली आणि तिथेच राहिली. "इस्पितळात मला ताप चढला की तुम्ही घरची सगळी पांघरुणं आणून माझ्यावर घालायचा, आठवतं? मग नर्स यायची आणि एकेक काढून टाकायची. या गाडीचंही तुम्ही तेच केलंय."

नरसिंहरावांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. पुढची जाळी कुठे दिसतच नव्हती. गुलाब, झेंडू, पुन्हा झेंडू, मोगरा आणि सगळ्यांच्या खाली सुकून घट्ट बसलेली शेवंती. वारा आत जायला बोटभर फट नव्हती. त्यांना हसू आलं नाही. आपण जीव लावला आणि त्यानेच गाडीचा श्वास कोंडला, या विचाराने त्यांना रडायलाच आलं.

वरचे हार भराभर निघाले. शेवंतीला हात घालताना मात्र बोटं थांबली. अक्कांनी बजावलेलं मोडलं आणि काही वाईट झालं तर? पद्मावतीबाईंच्या वर्षाच्या तपासण्या पुढच्याच आठवड्यात होत्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललंय हे तिने ओळखलं, उठली, आणि दोरा दातांनी तोडून हार त्यांच्या हातात दिला.

"मला काही होत नाही," ती म्हणाली. "चला."

हार रस्त्यावर टाकायला मन होईना, म्हणून त्यांनी ते मागच्या सीटवर ओळीने पसरले. गाडी बऱ्याच विनवण्यांनंतर सुरू झाली. शिरा गाव येईपर्यंत काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. पण थांबण्यात वेळ गेलेला होता. तुमकूर, मग दोड्डबळ्ळापूरचा रस्ता, समोर ट्रॅक्टर, बस, लग्नाची वरात. प्रत्येक खोळंब्याला काटा वर आणि उजव्या खिडकीतला सूर्य खाली. नरसिंहरावांना दोन्हीकडे बघवत नव्हतं.

येलहंक्याच्या मैदानावर चुन्याची रेघ दिसली तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. आणि रेघेच्या अलीकडे, बरोबर मधोमध, आरतीचं ताट घेऊन अक्का उभ्या. कोपरावर नवा, पहिल्यापेक्षा जाड हार. भावाला ओवाळल्याशिवाय आत घ्यायचं नाही ही त्यांची रीत.

नरसिंहरावांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. काटा लाल खुणेला भिडला होता. आता थांबलो तर गाडी बंद पडणार, निवेपर्यंत अंधार होणार, आणि खोली दहा पावलांवर राहणार. अक्का हसत पुढे येत होत्या. नरसिंहरावांनी पाय उचलला आणि जन्मात पहिल्यांदा अक्कांना हॉर्न मारला.

अक्का दचकून बाजूला झाल्या, निरांजन विझलं, आणि फियाट धडधडत रेघेपलीकडे गेली. तिथे एक आचका देऊन ती बंद पडली. लोक टाळ्या वाजवत धावले. नरसिंहराव दार उघडून खाली उतरले.

अक्का तरातरा आल्या. मोठ्या बहिणीला हॉर्न मारतोस, हार कुठाय माझा, असं सगळं एका दमात विचारू लागल्या. नरसिंहरावांनी मागचं दार उघडलं. सीटभर हार पसरले होते. त्या सीटवर कोण झोपायचं हे अक्कांना माहीत होतं. तेव्हा इस्पितळात डबा घेऊन त्याच यायच्या, आणि देवाप्पासाठी दोन भाकरी जास्त आणायच्या. त्यांचा राग जागच्या जागी विरला. कोपरावरचा नवा हार काढून त्यांनीही तो सीटवर ठेवला.

प्रवीणकुमार पेन घेऊन आला. खोलीच्या दारावर नाव कुणाचं घालायचं, असं त्याने विचारलं. सगळ्यांना वाटलं, नरसिंहराव बायकोचं सांगणार.

"रूपश्री," ते म्हणाले. "देवाप्पाची लेक."

त्याने लिहून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "अण्णा, नावाखाली 'स्मरणार्थ' असं घालायचं का?"

नरसिंहरावांनी मागच्या सीटकडे पाहिलं.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी इस्पितळात जाऊन विचारतो. मग सांगतो."