अनवाणी धावपटूची आई

माझ्या मुलीची राज्य संघाची निवड चाचणी मी बुडवली. डॉक्टरांनी कागदावर काट्याचं नाव लिहिलं, ती त्यांची सभ्यता.

प्राजक्ता साताऱ्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटरमध्ये पहिली आली. दुसऱ्या दिवशी आमच्या आष्ट्याच्या घरी एका यूट्यूब चॅनलचा पत्रकार हजर! पोरीनं सांगितलं, रोज पहाटे पळते, सर सांगतात तसं करते. त्याचा चेहराच पडला. मग तो माझ्याकडे वळला.

"काकू, काय हालअपेष्टा? लोकास्नी त्येच बघायचं असतंय."

हालअपेष्टा आणू कुठून? ह्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान, पोरीकडे धावायच्या बुटांचे तीन जोड (चौथा मी मागवला होता). पण दारी आलेल्याला तसंच परत पाठवायची आमच्यात रीत नाही. पाचवीत असताना एकदा तिची चप्पल तुटली होती आणि ती शाळेतून अनवाणी पळत घरी आली होती. मी तेवढंच सांगितलं. फक्त 'एकदा' हा शब्द राहून गेला.

संध्याकाळी बातमी आली: 'अनवाणी धावून जिंकली आष्ट्याची लेक!' ती बघून एका मंडळानं सत्कार केला. त्या सत्काराची बातमी झाली. ती बघून पलीकडच्या मंडळाला झोप लागेना. त्यांनी ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. तिचीही बातमी! चौकातल्या फ्लेक्सवर अकरा पुढारी, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी आमची पोर. लोकांनी बूट भेट दिले, सगळे नऊ नंबरचे. तिला पाच लागतो.

फेटे बांधण्यात सराव बुडू लागला. तिच्या सरांचा फोन आला, रविवारी सांगलीत चाचणी आहे, पोरीला मैदानावर पाठवा. पाठवते म्हणाले, आणि तिला तिसऱ्या सत्काराला घेऊन गेले.

बुधवारी पत्रकार पुन्हा आला. त्याला आता अनवाणी पळतानाचं चित्रण हवं होतं.

"आई, मी कधी अनवाणी सराव केलाय?" प्राजक्तानं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दोन मिनिटांचं काम आहे."

"त्याला खरं सांग की."

"आता कसं सांगू? तीन फेटे बांधून झालेत."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि बूट घरातच ठेवले. उसाच्या कडेच्या पाणंदीतून ती दोनदा पळाली. चित्रण झालंही होतं. पण तिची वेणी नीट दिसत नव्हती, म्हणून तिसऱ्यांदा पळायला सांगितलं. कुणी? पत्रकारानं नव्हे, मी! तिसऱ्या खेपेला बाभळीचा काटा टाचेत घुसून आतच मोडला. सांगलीच्या डॉक्टरांनी चीर देऊन तो काढला आणि दहा दिवस पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं.

रविवारी बाकीच्या मुली सांगलीच्या मैदानावर पळत होत्या, तेव्हा प्राजक्ता खुर्चीवर पाय ठेवून घड्याळाकडे बघत होती. पुढची चाचणी आता वर्षानं. सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "ताई, बूट हुते न्हवं घरात?" मी फोन ह्यांच्याकडे दिला.

चॅनलला मात्र सुगी! 'जखमी वाघिणीची झुंज' बघून पहिल्या मंडळानं मला 'आदर्श माता' पुरस्कार जाहीर केला. मी नको म्हणणार होते. प्राजक्ता म्हणाली, जा, पण तिथं खरं सांग. मला पटलं. आरशासमोर उभी राहून मी कबुली पाठसुद्धा केली.

मंचावर गेले, माईक हातात घेतला. "मला आज एक गोष्ट कबूल करायची आहे," म्हणाले. तेवढ्यात तो पत्रकार कॅमेरा घेऊन पुढे आला आणि मान जरा वर करा, अशी खूण केली. मी मान वर केली. पदर सारखा केला.

"तिच्या टाचेतला काटा निघाला," मी म्हणाले, "पण माझ्या काळजातला अजून तिथंच आहे."

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या दोघी डोळे पुसत होत्या.

घरी आले तर प्राजक्ता मोबाईलवर तेच बघत होती. तिनं तो बंद केला आणि शांतपणे म्हणाली, "आई, लाज वाटते का गं तुला?"

खूप वाटत होती. खरंच सांगते, जमीन दुभंगावी इतकी वाटत होती. मी खाली मान घालून तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "किती जणांनी बघितलं?"