मुकादमाचा खांदा

"हात लावू का? का माझ्या हातानं बाटशील?"

"मावशी, टोमणे नंतर मारा हो!" मुकादमाची आई काकुळतीला आली. "दोन तास झाले, पोरगं घामानं न्हालंय. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर रजेवर. तुमच्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ?"

मावशी हाडं बसवायची. तीस वर्षांत तिच्या हाताखालून किती खांदे आणि घोटे गेले, कुणी मोजलं नव्हतं. हा खांदा तिनं उंबऱ्यातच ओळखला: निखळून पुढं आलेला, वर खळगा पडलेला. मुकादम विटांच्या ट्रकवरून पडला होता.

माणूसही तिनं ओळखला होता. गेल्या साली मावशीसारख्या ख्रिस्ती माणसांची प्रार्थनेची खोली फोडायला घोळका आला, त्यात हाच पुढं होता. तिचा सुतार नवरा दार धरून उभा राहिला आणि त्याची दोन बोटं त्याच दारात चेचली गेली. वर पोलिसांनी महिनाभर डांबलं ते सुतारालाच! सुटून आला तोवर बोटं वाकडीच जुळली होती. अख्ख्या गावाची हाडं सरळ करणाऱ्या बाईच्या घरात वाकडी बोटं. तेव्हापासून तिचं देवाकडं रोज एकच मागणं होतं, त्या मुकादमाचा हात मोड.

आता तोच हात तिच्या मांडीवर होता.

तिनं मनगट धरलं. बाहेर ओसरीत चाललेला नवऱ्याचा रंधा थांबला.

खांदा ताकदीनं बसत नाही. अंग सैल पडावं लागतं. म्हणून मावशी बोलत राहायची, काहीतरी विचारायची, आणि माणूस उत्तर शोधायला लागला की नेमका ओढायची. पण हा गडी भीतीनं लाकूड झालेला. ती विचारी, तो दात आवळी. एकदा ओढलं, नाही. दुसऱ्यांदा, नाही. मुकादम ओरडला, "मुद्दाम करताय तुम्ही! सूड घेताय!"

ते अगदीच खोटं नव्हतं. आणखी एक आडदांड हिसका दिला की शीर तुटणार, हात जन्मभर लोंबणार. 'बसला नाही हो,' एवढंच म्हणायचं. कोण विचारणार?

"अगं," सुतार बाहेरून म्हणाला, "ते प्रकरण वर, देवाकडं दिलंय ना आपण? मग परत खाली कशाला ओढतेस?"

तिनं मनगटावरची पकड सैल केली.

"ऐक रे," मावशी शेवटी म्हणाली. "तुला माफ केलं, असं खोटं सांगणार नाही. अजून जमत नाही मला. पण तुझा निवाडा माझ्याकडं नाही. तो देवाकडं आहे, आणि तिथं आईला पुढं घालून सुटता येत नाही. त्याच्यासमोर उभा राहायच्या आत तू सुधारावास, हे मागायला हवं होतं मी. मागत बसले भलतंच. माझ्याकडं आलाय तो नुसता तुझा खांदा."

"म्हणजे...?"

"म्हणजे सांग, त्या दिवशी दार कुणी ओढलं?"

मुकादमानं आ वासला. नजर ओसरीकडं गेली, रंध्यावरच्या त्या दोन बोटांकडं. अंगातला सगळा पीळच गेला. तेवढ्यात मावशीनं हात ओढला, बाहेर वळवला, आणि खट्!

"मीच," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. हलवू नको."

तिनं हात छातीशी बांधला. "तीन आठवडे झोळीत. आणि खांदा बसला म्हणून निवाडा टळला असं समजू नको." म्हातारी पाया पडायला वाकली, तशी मावशी खेकसली, "माझ्या कशाला पडतेस? त्याला पाणी पाज आधी."

जाताना मुकादम सुतारापुढं उभा राहिला. ओठ हलले, शब्द येईना.

"बाजूला हो," सुतार म्हणाला. "उजेड अडतोय. सुचलं की ये, मी इथंच असतो."

रंधा परत सुरू झाला. दारात एक आजी सुजलेलं मनगट पोटाशी धरून केव्हाची टेकली होती.

"या आजी," मावशी तेलाची वाटी पुढं ओढत म्हणाली, "कुठं धडपडलात?"