अक्कांचा पाव मांडा

धुळ्यात आमच्या ऑफिससमोर एक अक्का मांडे करून विकायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गुडघ्यांसाठी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. गोड सुटेना, तेव्हा दिवसाला पाव मांड्यावर दोघांची तडजोड झाली.

"मग लहानसाच करायचा," मी सुचवलं.

अक्कांनी हातावर झुलणारा मांडा कोपरापर्यंत वाढवला आणि पालथ्या खापरावर अलगद सोडला. "लहान मांडा होत नही भाऊ. खापर भराले पाहिजे."

म्हणून रोज दुपारी त्या स्वतःसाठी अख्खा मांडा करत, त्याचे चार तुकडे करत आणि तीन समोरच्यांना वाटून टाकत. एक बहुधा माझा असे.

एकदा मी एकटाच होतो. मांडा निवत चालला, तरी त्या खाईनात. पदरानं घाम पुसत रस्त्याकडे बघत राहिल्या. शेवटी एक रिक्षावाला आणि पोस्टमन सापडले. त्यांच्या हातात तुकडे दिल्यावरच अक्कांनी आपला तोंडात घातला.

"एवढं थांबलात?"

"उरी गया तर मी सारा खाई टाकसू."

इतके दिवस मला वाटत होतं, त्या आम्हाला खाऊ घालतात. प्रत्यक्षात आम्ही राखणीला होतो. त्यानंतर मी दुपारची ड्युटी कधी चुकवली नाही.